अंधाऱ्या रात्रीचे गायक : क्रूसाचे संत योहान

ज्युबिलीचा सोहळा हा दिव्यांचा, घंटानादाचा आणि गायनाचा सोहळा. अशा मंगल प्रसंगीं अंधाराची व तुरुंगाची कथा सांगावयास आम्ही पुढें यावें, हें कांहीं वाचकांस प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु ज्या देवळांत आज आपण आनंदानें जमलों आहों, त्याच देवळांत आजवर असेही भाविक गुडघे टेकून गेले आहेत, कीं ज्यांच्या हातांत जपमाळ होती पण अंतःकरण कोरडें पडलें होतें. ओठ प्रार्थना म्हणत होते, पण देव आपल्याला सोडून कोठें दूर निघून गेला आहे असें ज्यांस वाटत होतें. आपल्यापैकीं पुष्कळांनीं हा अनुभव घेतला असेल, आणि लाजेनें तो कोणास सांगितला नसेल. या अनुभवाला ज्यानें नांव दिलें, अर्थ दिला आणि गाणेंही दिलें, त्या महात्म्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

स्पेन देशांत आविला नगराच्या टापूंत फोंतिवेरोस नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें १५४२ सालीं योहानांचा जन्म झाला. त्यांचे वडील गोन्सालो दे येपेस हे रेशमाच्या सधन व्यापाऱ्यांच्या कुळांतले. परंतु कातालिना आल्वारेस या गरीब विणकर मुलीशीं त्यांनीं लग्न केलें, म्हणून नातलगांनीं त्यांच्याशीं संबंध तोडला. व्यापाराचे हिशेब ठेवणारा हात मागावर चालूं लागला. योहान अगदीं लहान असतांनाच वडील वारले. पुढें लुइस नांवाचा भाऊही गेला. उरलेल्या दोन मुलांस घेऊन ती विधवा माउली कामाच्या शोधांत गांवोगांव हिंडली, आणि शेवटीं मेदिना देल कांपो या बाजारपेठेच्या शहरीं स्थिरावली. प्रेमासाठीं संपत्ति, घर व मान यांवर पाणी सोडणारा माणूस योहानांना पुस्तकांत शोधावा लागला नाहीं. तो त्यांच्या जन्मघरींच होता. सर्वस्व सोडून प्रियाच्या शोधार्थ निघालेल्या आत्म्याचें जें गाणें त्यांनीं पुढें गायिलें, त्याचें बीज येथेंच पडलें असावें असें आम्हांस वाटतें.

मेदिना येथें गरीब मुलांच्या शाळेंत योहान शिकूं लागले. सुतारकाम, शिंपीकाम, कोरीवकाम, रंगकाम असे धंदे त्यांस शिकवून पाहिले, पण एकांतही त्यांचें बस्तान बसलें नाहीं. मग गर्मीच्या व इतर किळसवाण्या रोगांनीं पछाडलेल्या गरिबांच्या इस्पितळांत ते सेवा करूं लागले. दिवसा रोग्यांचीं क्षतें धुवावीं, त्यांच्यासाठीं रस्त्यांतून भिक्षा मागावी, आणि सवड सांपडेल तेव्हां येशूसंघीयांच्या विद्यालयांत लॅटिन व साहित्य शिकावें, असा त्यांचा क्रम होता. १५६३ सालीं, एकविसाव्या वर्षीं, त्यांनीं कार्मेल संघाचें वस्त्र धारण केलें. दुसऱ्या वर्षीं संघानें त्यांस सालामांका येथील विद्यापीठांत पाठविलें, आणि तेथें १५६८ पर्यंत त्यांनीं तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांचा अभ्यास केला.

सालामांका हें त्या काळीं युरोपांतील श्रेष्ठ विद्यापीठांपैकीं एक होतें. तेथें आरिस्तोतल व संत थॉमस आक्वायनस यांची शिकवण चाले. मनुष्याचें सर्व ज्ञान इंद्रियांच्या द्वारें आंत येतें. पाहिलेल्या, ऐकलेल्या, स्पर्शिलेल्या वस्तूंतूनच बुद्धि आपले विचार घडविते, असें हें तत्त्वज्ञान सांगतें. मग जो देव डोळ्यांना दिसत नाहीं व ज्याचें चित्र कल्पनेंत मावत नाहीं, त्याच्याशीं आत्म्याची गांठ कशी पडावी? प्राचीन काळीं दिओनिसियुस या नांवानें लिहिणाऱ्या एका ग्रंथकारानें याचें उत्तर देऊन ठेविलें होतें. देव अंधारांत आहे तो त्याचा प्रकाश कमी म्हणून नव्हे, तर आमच्या दुबळ्या दृष्टीला तो सोसत नाहीं म्हणून. घुबडाला भर दुपारचा सूर्य अंधारासारखा होतो, तशीच आमच्या बुद्धीची गत देवापुढें होते. हा विचार योहानांनीं पोथींतून उचलला. पण तो त्यांच्या हाडींमांसीं खिळण्यास वेगळीच शाळा लागणार होती.

त्याच विद्यापीठांत त्या काळीं लुइस दे लेओन नांवाचे विद्वान व्रतस्थ अध्यापक होते. पवित्र शास्त्रांतील 'गीतरत्न' या पुस्तकाचें त्यांनीं स्पॅनिश भाषेंत रूपांतर केलें होतें. वधूवरांच्या प्रीतीचीं हीं गीतें लोकभाषेंत उघड करणें त्या दिवसांत धोक्याचें मानलें जाई. हा आरोप व इतर आरोप मिळून १५७२ पासून १५७६ पर्यंत त्यांना धर्मन्यायालयाच्या बंदीखान्यांत राहावें लागलें. ही हकीकत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण देव व आत्मा यांच्या प्रेमाचें गाणें लोकभाषेंत गाणें हें त्या काळीं केवळ रसिकतेचें काम नव्हतें, तें धैर्याचेंही काम होतें.

१५६७ सालीं योहानांस याजकीय दीक्षा मिळाली, आणि पहिली मिस्सा अर्पिण्यास ते मेदिना येथें आले. त्यांचें मन त्या वेळीं अस्वस्थ होतें. अधिक एकांत व अधिक मौन यांच्या ओढीनें कार्मेल संघ सोडून कार्थुसी संघांत जावें असें त्यांनीं मनांत योजिलें होतें. परंतु तेथेंच त्यांची व आविलाच्या संत तेरेजा यांची भेट झाली. तेरेजाबाई तेव्हां बावन्न वर्षांच्या होत्या आणि योहान पंचवीस वर्षांचे. कार्मेल संघाचे मूळचे कडक नियम पुन्हां चालू करण्याचा त्यांचा उद्योग मठवासिनींमध्यें सुरू झाला होता. पुरुषांच्या मठासाठीं त्यांस माणसें हवीं होतीं. ज्या एकांताचा शोध योहान बाहेर करीत होते तो आपल्याच संघांत निर्माण करावा, असें त्यांनीं योहानांस पटवून दिलें. योहान ठेंगणे व किरकोळ बांध्याचे होते. म्हणून नव्या कामाला आपल्याला दीड व्रतस्थ मिळाला, असा विनोद तेरेजाबाईंनीं केल्याचें सांगतात. १५६८ च्या नोव्हेंबरांत दुरुएलो येथें एका मोडक्या शेतघरांत सुधारलेल्या कार्मेल संघाचा पुरुषांचा पहिला मठ सुरू झाला, आणि तेथें योहानांनीं आपल्या नांवापुढें क्रूसाचें नांव जोडलें. या संघाचे लोक साधी वहाण घालीत किंवा अनवाणी राहत, म्हणून त्यांना अनवाणी कार्मेली हें नांव पडलें.

सुधारणेचें काम सुरू झालें कीं विरोध ठेवलेलाच. जुन्या मठांतील व्रतस्थांस वाटे, कीं हे नवे लोक संघ फोडीत आहेत व वरिष्ठांची आज्ञा मोडीत आहेत. १५७२ पासून योहान आविलाच्या मठवासिनींचे आध्यात्मिक गुरु होते. पोपच्या स्पेनमधील प्रतिनिधींनीं त्यांस या कामाला अधिकार दिला होता. परंतु १५७७ सालीं ते प्रतिनिधि वारले, आणि त्याच वर्षीं २ डिसेंबरच्या रात्रीं हत्यारबंद माणसांनीं योहानांच्या झोंपडीचें दार फोडून त्यांस पकडलें. त्यांस तोलेदो येथील जुन्या कार्मेली मठांत नेण्यांत आलें. सुधारणेचा त्याग करा, म्हणजे मान व पद मिळेल, असें त्यांस सांगण्यांत आलें. त्यांनीं नकार दिला. मग सुरू झाला नऊ महिन्यांचा बंदिवास.

त्यांची कोठडी सुमारें दहा फूट लांब व सहा फूट रुंद होती. भिंतींत अगदीं वर एक अरुंद फट होती. तिच्यांतून शेजारच्या दालनांतला उजेड दिवसांतून थोडा वेळ आंत येई, आणि तेवढ्यांत बाकावर उभें राहून ते आपली नित्याची प्रार्थना वाचून घेत. हिवाळ्यांत हातपाय गारठत, उन्हाळ्यांत श्वास कोंडे. जेवणास बहुधा भाकरी व पाणी. ठराविक दिवशीं त्यांस भोजनगृहांत नेऊन मधोमध गुडघ्यांवर बसवीत, आणि मठवासी एकामागून एक येऊन त्यांच्या उघड्या पाठीवर फटके मारीत. ते वळ पुढें वर्षानुवर्षें गेले नाहींत. सर्वांत मोठें दुःख मात्र निराळेंच होतें. या सर्व काळांत त्यांस मिस्सा अर्पिण्याची परवानगी नव्हती. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला तरी मिस्सा करूं द्यावी अशी त्यांनीं विनंति केली. तीही नाकारण्यांत आली. आणि हें सर्व करणारे परके नव्हते, धर्माचे शत्रु नव्हते. तेच वस्त्र, तेंच व्रत व तीच वेदी असलेले सख्खे धर्मबंधु होते. आपली सुधारणा हीच चूक असेल काय, तेरेजाबाईंनाही आपण पळून गेलों असें वाटत असेल काय, असे विचार त्या अंधारांत मनाला कसे कुरतडीत असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी.

अशा जागीं गाणें जन्मास आलें. आधीं तें केवळ स्मरणांत रचलें गेलें. पुढें नवा, दयाळू पहारेकरी आला व त्यानें कागद-शाई दिली, तेव्हां तें लिहिलें गेलें. 'आध्यात्मिक गीता'ची सुमारें तीस कडवीं याच कोठडींत तयार झालीं. त्यांत 'गीतरत्ना'तल्या वधूप्रमाणें आत्मा आपल्या दडून बसलेल्या प्रियाला डोंगरांत, रानांत, नदीकांठीं शोधीत फिरतो, आणि वाटेंतल्या सृष्टीला त्याचा पत्ता विचारतो. चार भिंतींपलीकडे कांहींही न दिसणाऱ्या मनुष्यानें डोंगर व नद्या यांनीं भरलेलें काव्य रचावें, हें नवल आहे. दुसरें गीत एका गुप्त झऱ्याचें आहे. तो झरा कोठून उगवतो तें कोणी पाहिलें नाहीं. पण रात्रीच्या काळोखांतही तो वाहतो हें कवीला ठाऊक आहे. हा झरा म्हणजे पवित्र त्रैक्य देव. आणि गीताच्या शेवटीं तो झरा वेदीवरील जीवनाच्या भाकरींत दडलेला आहे असें कवि सांगतो. ज्याला नऊ महिने ती भाकरी हातीं घेऊं दिली नाहीं त्यानें हें गीत रचलें, एवढें लक्षांत घेतलें म्हणजे त्याची किंमत कळते.

१५७८ च्या ऑगस्टमध्यें, स्वर्गोन्नयनाच्या सणानंतरच्या दिवसांत एका रात्रीं, त्यांनीं दाराच्या कुलपाचे खिळे आधींच ढिले करून ठेविले होते ते काढले. पांघरुणाच्या पट्ट्या फाडून दोर केला, आणि खिडकींतून खालीं उतरले. वाट चुकत, धडपडत ते पहांटे अनवाणी कार्मेली भगिनींच्या मठाशीं पोंचले. त्यांनीं त्यांस लपविलें, आणि दालचिनी घालून शिजविलेल्या नासपती खाऊं घातल्या. उभें राहण्याचेंही त्राण नसलेला तो माणूस त्या भगिनींना आपल्या छळाची गाऱ्हाणीं सांगत बसला नाहीं. त्यानें त्यांना कोठडींत रचलेलीं गीतें म्हणून दाखविलीं. छळ करणाऱ्यांविषयीं कडू शब्द त्यांच्या तोंडून पुढेंही कोणी ऐकला नाहीं.

सुटकेनंतर थोड्याच काळांत त्यांचें अत्यंत प्रसिद्ध गीत लिहिलें गेलें. एका अंधाऱ्या रात्रीं, घर निवांत झोंपलें असतांना, एक प्रेमिका वेष पालटून गुप्त जिन्यानें बाहेर पडते. हृदयांतल्या ज्योतीवांचून तिच्याजवळ दुसरा दिवा नाहीं, आणि तीच ज्योत तिला प्रियाकडे घेऊन जाते, असा त्या आठ कडव्यांचा विषय. छंद त्यांनीं आपल्या देशांतील गार्सिलासो दे ला व्हेगा या लौकिक प्रेमकवीचा घेतला. पांच ओळींचें तें कडवें मूळ इटलीहून आलेलें. गीतांत देवाचें नांव एकदांही येत नाहीं. अजाण वाचकाला तें साधें प्रेमगीत वाटावें. जाणत्याला मात्र त्यांत आत्म्याच्या प्रवासाचा सबंध नकाशा सांपडतो.

भगिनींना हीं गीतें गोड लागत, पण अर्थ उलगडेना. म्हणून त्यांनीं योहानांस अर्थ विचारला. त्यांच्या आग्रहामुळें सालामांकाचा तो जुना विद्यार्थी पुन्हां जागा झाला. बाएसा येथें विद्यालयप्रमुख व ग्रानादा येथें मठाधिपति असतां त्यांनीं आपल्याच कवितांवर भाष्यें लिहिलीं. 'कार्मेल पर्वताचें आरोहण' व 'अंधारी रात्र' हीं दोन्हीं एकाच गीतावरचीं असून अपुरींच राहिलीं. 'आध्यात्मिक गीता'चें भाष्य १५८४ च्या सुमारास ग्रानादा येथील मठाधिकारिणी आना यांच्या विनंतीवरून झालें. 'प्रेमाची जिवंत ज्योत' हें एका विधवा गृहस्थ स्त्रीसाठीं लिहिलें. म्हणजे आधीं गाणें आलें, मागून शास्त्र आलें. तत्त्वज्ञानानें कविता रचली नाहीं. तिनें काय पाहिलें तें तत्त्वज्ञानानें तपासून, शब्द व क्रम लावून सांगितलें. धार्मिक काव्याला शास्त्राचा खरा उपयोग हाच, असें आम्ही समजतों.

या भाष्यांत दृष्टांत अगदीं घरगुती आहेत. ओल्या लांकडाला विस्तव लागला म्हणजे तें आधीं धुरकटतें, काळें पडतें, त्यांतलें पाणी चुरचुरत बाहेर येतें. पण विस्तव त्याचा शत्रु नसतो, तो त्याला आपल्यासारखें करीत असतो. देवाचें प्रेम आत्म्याला लागतें तेव्हां असेंच घडतें. आपले दोष आपल्याला प्रथमच दिसूं लागतात, आणि आपण पूर्वींपेक्षां वाईट झालों असें वाटतें. पांखरूं जाड दोरीनें बांधलेलें असो कीं बारीक धाग्यानें, तो तुटेपर्यंत त्याला उडतां येत नाहीं. म्हणून लहानशी आसक्तिही लहान समजूं नये. बुद्धि, स्मृति व इच्छा या आत्म्याच्या तीन शक्ति. विश्वासानें बुद्धीची, आशेनें स्मृतीची व प्रीतीनें इच्छेची शुद्धि होते. हीच ती रात्र.

परंतु प्रत्येक खिन्नतेला ही पवित्र रात्र म्हणावें काय? योहान येथें फार सावध आहेत. आळस, शरीरप्रकृतीचा बिघाड किंवा मनाचा रोग यांनींही प्रार्थनेची रुचि जाते, हें ते स्पष्ट सांगतात, आणि ओळखण्याच्या तीन खुणा देतात. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाहीं, पण जगाच्या गोष्टींतही वाटत नाहीं. आपण देवाची सेवा नीट करीत नाहीं ही हुरहूर सारखी लागलेली असते. आणि पूर्वींसारखें विचार व कल्पना यांच्या बळावर ध्यान करूं म्हटलें तरी जमत नाहीं. या तिन्ही खुणा एकत्र असल्या, तर भिऊं नये. देव गेलेला नसतो. तो इतका जवळ आलेला असतो कीं डोळे दिपतात. अशा वेळीं प्रेमानें, शांतपणें, त्याच्याकडे नुसतें लक्ष लावून राहावें, एवढाच त्यांचा उपदेश.

त्यांची स्वतःची रात्र मात्र एकदांच संपली नाहीं. १५९१ सालीं माद्रिद येथील संघाच्या सभेंत त्यांनीं वरिष्ठांच्या कठोर धोरणाविरुद्ध मत दिलें, आणि या वेळीं त्यांच्याच सुधारलेल्या संघानें त्यांस कोणतेंही अधिकारपद ठेविलें नाहीं. एका निर्जन मठांत असतां त्यांस ताप आला व पायाला क्षत पडलें. उपचारासाठीं बाएसा किंवा उबेदा यांपैकीं एक निवडा असें सांगतांच, जेथें आपल्याला कोणी ओळखत नाहीं म्हणून त्यांनीं उबेदा निवडलें. तेथील मठाधिपति त्यांच्यावर जुना राग धरून होते, आणि आजाऱ्याच्या खर्चाबद्दलही कुरकुर करीत. इकडे दुसरा एक व्रतस्थ त्यांच्याविरुद्ध खोटेनाटे पुरावे गोळा करीत गांवोगांव हिंडत होता. भीतीनें कित्येक भगिनींनीं त्यांचीं पत्रें जाळून टाकलीं. आपण मठाला त्रास दिला याबद्दल मरणोन्मुख योहानांनींच मठाधिपतींची क्षमा मागितली, आणि त्या कठोर मनुष्याचें हृदय द्रवून तो रडत बाहेर पडला. १३ डिसेंबरची ती शेवटची रात्र. भोंवतीं जमलेले बंधु मरणाच्या प्रार्थना म्हणूं लागले, तेव्हां योहानांनीं त्या थांबवून 'गीतरत्ना'तील वचनें वाचावयास सांगितलीं. मध्यरात्रीच्या प्रार्थनेची घंटा झाली, आणि १४ तारीख लागतांच, एकोणपन्नासाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. कोठडींत जें गाणें त्यांच्या सोबतीला होतें, तेंच ऐकत ते गेले.

त्यांचे ग्रंथ मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनीं, १६१८ सालीं, प्रथम छापले गेले. पण 'गीतरत्ना'च्या वळणावरचें 'आध्यात्मिक गीत' त्या पहिल्या आवृत्तींत नव्हतें. ख्रिस्तसभेनें मात्र त्यांचें थोरपण हळूहळू जगापुढें मांडलें. १७२६ सालीं त्यांस संत म्हणून घोषित करण्यांत आलें. १९२६ सालीं पोप अकरावे पायस यांनीं त्यांस ख्रिस्तसभेचे आचार्य हें पद दिलें. पूर्वीं त्यांचा सण २४ नोव्हेंबरला पाळीत. १९६९ च्या नव्या धर्मपंचांगापासून तो त्यांच्या स्वर्गवासाच्या दिवशीं, १४ डिसेंबरला, आगमनकाळांत येतो.

आमचा व या दूरच्या स्पॅनिश संताचा संबंध कोणता, असें कोणी विचारील. तो संबंध आमच्या किनाऱ्यावरच आहे. दुरुएलोच्या त्या मोडक्या घरांतून वाढलेल्या अनवाणी कार्मेली संघाचा मठ गोव्यांत होता. तेथून गेलेले दिओनिसियुस व रेदेंतुस हे दोघे १६३८ सालीं सुमात्रा बेटांत आचे येथें ख्रिस्तासाठीं हुतात्मे झाले. १७२० सालीं मुंबई बेटांतील देवळें इंग्रजांनीं पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांकडून काढून याच कार्मेली पाद्र्यांच्या हातीं दिलीं, आणि पुढें शंभराहून अधिक वर्षें त्यांनीं तेथील ख्रिस्ती जनांची सेवा केली. आमच्या पूर्वजांपैकीं कित्येकांचे बाप्तिस्मे व विवाह क्रूसाच्या संत योहानांच्या शिष्यपरंपरेच्या हातून झाले असतील.

म्हणून या महोत्सवाच्या दिवशीं, घंटा वाजत असतां व वेदी दिव्यांनीं उजळली असतां, मागच्या बाकावर जो कोणी कोरड्या मनानें बसला असेल त्याला आमचें एवढेंच सांगणें आहे. तुमचें मौन व्यर्थ नाहीं, आणि तुमची रात्र रिकामी नाहीं. तोलेदोच्या कोठडींत मिस्सेविना नऊ महिने काढणाऱ्या एका ठेंगण्या व्रतस्थाला त्या रात्रींत झऱ्याचा आवाज ऐकूं आला. तो झरा आपल्या वेदीवर दररोज वाहत आहे. दिसत नाहीं म्हणून उठून जाऊं नका, थांबा. क्रूसाचे संत योहान आपणां सर्वांसाठीं देवाजवळ विनंति करोत.